कंटिन्युइटी म्हणजे नेमकं काय? अर्थ ओळखायची आणि योग्य मराठी शब्द निवडायची रीत

विजेच्या एका उपकरणाच्या माहितीपुस्तिकेचं मराठी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्यात एक ओळ होती: ‘वायर बसवण्यापूर्वी तिचे सातत्य तपासा.’ व्याकरण बिनचूक. शब्दकोशातही कंटिन्युइटीसमोर पहिला शब्द ‘सातत्य’ हाच. पण हातात वायर धरून बसलेल्या माणसाने ही ओळ वाचली तर त्याने करायचं काय? वायर पुन्हा पुन्हा तपासायची, की रोज तपासायची? मी ती ओळ अशी केली: ‘वायर मध्येच कुठे तुटलेली नाही ना, हे बसवण्यापूर्वी मीटर लावून तपासा.’ सहा शब्द वाढले, पण काम कळलं.

हा शब्द गणितात येतो, विजेत येतो, चित्रपटाच्या सेटवर, दवाखान्यात, कार्यालयीन कागदपत्रांत येतो, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं काम करतो. सगळीकडे ‘सातत्य’ चिकटवून दिलं की वाक्य मराठी दिसतं, पण अर्थ पोचत नाही. शब्द दिसल्यावर मी काय करते, ते इथे क्रमाने मांडते आहे. भाषांतर करणाऱ्यांना, विद्यार्थ्यांना आणि लिहिणाऱ्यांना ते उपयोगी पडावं.

पहिली पायरी: तुटणं कसलं, ते आधी पाहा

कंटिन्युइटी सरळ समजून घ्यायला गेलं तर हातातून निसटते. ती तुटते कशी, हे पाहिलं की लगेच कळते. म्हणून वाक्य वाचताना स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. काय टिकून राहतंय? कशाच्या ओघात, म्हणजे काळात, जागेत, की सांगण्यात? आणि ते बिघडलं तर आपण मराठीत काय म्हणू?

तिसरा प्रश्न निर्णायक. मराठीत न टिकण्याचे शब्द फार नेमके आहेत. रियाजात ‘खाडा’ होतो. नोकरीत ‘खंड’ पडतो. फरश्यांत ‘फट’ राहते. तार ‘तुटते’. गोष्टीत ‘विसंगती’ येते. बोलण्यातला ‘धागा’ सुटतो. यातलं कोणतं क्रियापद बसतंय हे ठरलं की त्याचा उलटा शब्द आपोआप हाती लागतो: खाड्याच्या उलट सातत्य, फटीच्या उलट सलगता, विसंगतीच्या उलट सुसंगती. शब्दकोशाकडे जायचंच असेल तर यानंतर.

दुसरी पायरी: शब्दांचं मूळ एकदा बघून ठेवा

हे एकदाच करायचं काम आहे, पण पुढे जन्मभर उपयोगी पडतं. कंटिन्युइटी हा शब्द लॅटिनमधून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी ‘एकत्र धरून ठेवणं’ हा अर्थ आहे: ‘कोन’ म्हणजे सह आणि ‘तेनेरे’ म्हणजे धरणं. आपला ‘सतत’ हा ‘सम्’ आणि ‘तन्’ धातूपासून झाला. तन् म्हणजे ताणणं, पसरणं. याच तन्‌पासून तंतू आला, गायकाची तान आली, संतती आली, पावसाची संततधार आली. भाषाशास्त्रज्ञ लॅटिनचा तेनेरे आणि संस्कृतचा तन् हे दोन्ही एकाच जुन्या धातूकडे नेतात, त्यामुळे इंग्रजी शब्द आणि आपला शब्द खरं तर दूरचे भाऊ आहेत. मला हे फार आवडतं. ताणलेला, मध्ये न तुटलेला दोरा हे चित्र दोन्हींच्या पोटात आहे.

तिसरी पायरी: जवळजवळचे शब्द वेगळे करा

सर्वांत जास्त घोळ ‘सातत्य’ आणि ‘सलग’ यांत होतो. ‘ती दहा वर्षं सातत्याने धावते आहे’ आणि ‘ती चार तास सलग धावली’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात रोज विश्रांती आहे, झोप आहे, जेवण आहे, तरी सातत्य आहे, कारण ठरलेल्या वेळी खाडा नाही. दुसऱ्यात मध्ये थांबायला जागाच नाही. शब्दांची अदलाबदल केली तर दोन्ही वाक्यं बिघडतात. इंग्रजीतही ‘कंटिन्युअल’ म्हणजे पुन्हा पुन्हा होणारं आणि ‘कंटिन्युअस’ म्हणजे मध्ये न थांबणारं, असा फरक जपून लिहिणारे करतात. पहिल्यासाठी सातत्याने किंवा वारंवार, दुसऱ्यासाठी सलग किंवा अखंड.

शिवाय मराठीत ‘सातत्य’ दर्जाबद्दलही वापरतात. ‘तिच्या फलंदाजीत सातत्य आहे’ याचा अर्थ ती दरवेळी चांगली खेळते. ती कधीच बाद होत नाही असा नव्हे. इंग्रजीत याला ‘कन्सिस्टन्सी’ म्हणतात, कंटिन्युइटी नाही. म्हणजे आपला एक शब्द त्यांच्या दोन शब्दांचं काम करतो, आणि भाषांतरात नेमका तिथे पाय अडकतो.

‘अखंड’ विशेषण म्हणून उत्तम: अखंड वीजपुरवठा, अखंड प्रवाह. पण त्याचं ‘अखंडता’ हे नाम करताना सांभाळा. देशाची अखंडता, डेटाची अखंडता असं म्हटलं की ‘न फुटलेलं, न बिघडलेलं असणं’ हा अर्थ पुढे येतो, आणि तो ‘इंटिग्रिटी’चा आहे. ‘अव्याहत’मध्ये अडथळा न येणं आहे, ‘अविरत’मध्ये न थांबणं. इतिहासाबद्दल लिहिताना बहुतेक वेळा ‘परंपरा टिकून राहिली’ हेच खरं मराठी. आणि लेखाबद्दल बोलताना ‘संगती’ हा आपला घरचा शब्द विसरू नका. ‘मागच्यापुढच्याची संगती लागत नाही’ या एका वाक्यात कंटिन्युइटीचा अख्खा अर्थ येतो.

गणितात: सांतत्य तपासायची रीत

गणितासाठी मराठीत स्वतंत्र शब्द आहे, ‘सांतत्य’, आणि ज्या फलनाला (इंग्रजीत फंक्शन) ते आहे ते ‘संतत फलन’. इथे ‘सातत्य’ लिहू नका. एका अनुस्वाराने अर्थ बदलतो.

कागदावरून पेन न उचलता आलेख काढता आला तर फलन संतत, हे शाळेतलं चित्र सुरुवातीला पुरतं. पण तपासणी बिंदूवर होते, आणि तिथे तीन गोष्टी पाहायच्या. त्या बिंदूवर फलनाला किंमत आहे का? डावीकडून आणि उजवीकडून जवळ जाताना किंमती एकाच संख्येकडे जातात का? आणि ती संख्या म्हणजे त्या बिंदूवरची किंमतच आहे का?

एक उदाहरण हाताने करून पाहा. क्षचा वर्ग वजा १, याला क्ष वजा १ ने भागा. क्ष = १ घेतलं तर शून्य भागिले शून्य, म्हणजे किंमतच नाही; पहिल्या प्रश्नालाच अडलं. आता जवळ जा. ०.९ ला उत्तर १.९, ०.९९ ला १.९९. पलीकडून १.१ ला २.१, १.०१ ला २.०१. दोन्ही बाजू २ कडे येताहेत. मध्ये फक्त एका टिंबाएवढं भोक आहे. ‘१ या बिंदूवर किंमत २ धरा’ असं ठरवलं की भोक बुजलं आणि फलन तिथे संतत झालं. सगळी तुटणी अशी बुजत नाहीत. पार्सलच्या वजनाची मर्यादा ओलांडल्याबरोबर दर एकदम वरच्या टप्प्यावर जातो, तिथे डावीकडची आणि उजवीकडची संख्याच वेगळी असते. कोणतीही एक किंमत घातली तरी उडी राहते.

ही व्याख्या घडायला वेळ लागला. बोल्झानो या गणितज्ञाने १८१७ मध्ये आणि कोशी या गणितज्ञाने १८२१ मध्ये ती नेमकेपणाने मांडायला घेतली, पुढे वायरश्ट्रासने तिला आजचं काटेकोर रूप दिलं. त्याच वायरश्ट्रासने १८७२ मध्ये एक असं फलन दाखवलं जे सगळीकडे संतत आहे, पण ज्याला एकाही बिंदूवर स्पर्शिका काढता येत नाही. सलग असणं म्हणजे गुळगुळीत असणं नव्हे. हा धडा गणिताबाहेरही लक्षात ठेवण्यासारखा आहे, पुढे तो पुन्हा येईल.

व्यवहारात सांतत्याचा मोठा उपयोग ‘मधली किंमत सुटत नाही’ या नियमात आहे. सकाळी तापमान १८ अंश होतं आणि दुपारी २६, तर मध्ये कोणत्या तरी क्षणी ते बरोबर २२ होतंच. समीकरणाचं उत्तर शोधताना एका टोकाला ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन संख्या आली की उत्तर त्या दोघांच्या मध्ये आहे हे याच नियमामुळे खात्रीने सांगता येतं. मग अंतर अर्धं अर्धं करत जायचं.

द्रवाच्या प्रवाहाचं ‘सांतत्य समीकरण’ही इथेच सांगून टाकते. नळी भरून वाहणारं पाणी मध्ये कुठे साठत नाही आणि नाहीसं होत नाही, म्हणून छेदाचं क्षेत्रफळ गुणिले वेग हा गुणाकार सगळीकडे सारखा राहतो. नळीचा व्यास निम्मा झाला तर क्षेत्रफळ पाव होतं आणि वेग चौपट. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबल्यावर धार जोरात सुटते, त्यामागे मुख्यतः हेच आहे.

विजेत: तार जोडलेली आहे का, हे मीटरने पाहणं

इथे कंटिन्युइटीला अगदी साधा अर्थ आहे: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत विजेला जायला वाट आहे की नाही. काम करणारी माणसं ‘कंटिन्युइटी चेक कर’ असंच म्हणतात, आणि लिहितानाही तोच शब्द ठेवावा असं माझं मत आहे. रीत अशी:

१. उपकरणाचा प्लग काढा, बॅटरी असेल तर तीही. चालू सर्किटवर ही तपासणी कधीही करायची नाही. मीटर जाऊ शकतो आणि हाताला धोका आहे. मोठे कपॅसिटर असतील तर ते रिकामे झाल्याची खात्री करा, कारण प्लग काढल्यावरही त्यांत भार शिल्लक राहतो.

२. मल्टिमीटरची कळ ध्वनिलहरींच्या खुणेवर आणा. दोन्ही प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरींची धातूची टोकं, एकमेकांना टेकवा. बीप वाजली पाहिजे. ही पायरी कंटाळा करून सोडू नका. प्रोबचीच वायर आतून तुटलेली असेल तर चांगली केबलसुद्धा तुटलेली दाखवेल.

३. तपासायची वायर किंवा फ्यूज शक्यतो जागेवरून सोडवून घ्या. सर्किटमध्येच ठेवून तपासलं तर वीज दुसऱ्याच वाटेने फिरून येते आणि तुटलेल्या भागावरही बीप वाजते.

४. एक प्रोब या टोकाला, दुसरी त्या टोकाला. बीप म्हणजे वाट आहे. शांतता म्हणजे कुठेतरी तुटलंय.

५. केबलमध्ये तीन तारा असतील तर प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत पाहा, आणि मग एकीचं टोक दुसरीशी लावून पाहा. इथे बीप वाजता कामा नये. वाजली तर आत दोन तारा एकमेकींना टेकल्या आहेत.

६. प्रोब लावलेल्या ठेवून केबल सावकाश वाकवत जा, विशेषतः प्लगच्या मानेपाशी. बीप मध्येच तुटून पुन्हा आली तर दोष तिथेच आहे.

आता याची मर्यादा. मीटर तारेतून अगदी थोडा प्रवाह सोडतो, मिलिअँपिअरच्या घरातला. रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, काही ओहमपासून काही दहा ओहमपर्यंत असला तरी बीप वाजते. नेमकी मर्यादा मीटरगणिक बदलते. १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला साधारण १२ ओहम, म्हणजे १० मीटरला जेमतेम ०.१२ ओहम. त्यामुळे आतल्या बहुतेक बारीक तारा तुटून एखादीच उरली तरी बीप बिनदिक्कत वाजते, आणि तीच केबल जड उपकरणाला लावली की त्या जागी तापते. बीप फक्त ‘वाट आहे’ इतकंच सांगते. वाट किती रुंद आहे, ते सांगत नाही. शंका असेल तर मीटर ओहमवर लावून आकडा वाचा, आणि आधी प्रोब टेकवून आलेला आकडा त्यातून वजा करा.

चित्रपटात: तुकड्यांतून सलगता उभी करणं

इथे गंमत उलटी आहे. विजेत खरोखर न तुटलेलं काहीतरी असतं. चित्रपटात सगळंच तुटलेलं असतं, आणि ते न तुटल्यासारखं दिसावं लागतं. पडदाच सेकंदाला २४ स्थिर चित्रांनी चालतो. वर चित्रीकरण क्रमाने होत नाही. घरात शिरण्याचं दृश्य आज आणि दार उघडण्याचं तीन आठवड्यांनी होऊ शकतं.

एक साधं दृश्य घ्या. दोघं टेबलाशी बसून बोलताहेत, एकाच्या हातात पाण्याचा ग्लास. आधी दोघं दिसतील असा लांबचा शॉट होतो, मग दिवे हलवून तेच बोलणं जवळून घेतात. कंटिन्युइटी सांभाळणाऱ्याने पहिल्या शॉटमध्ये काय टिपायला हवं? ग्लास उजव्या हातात होता. पाणी अर्ध्याच्या थोडं खाली होतं. ‘मला माहीत होतं’ या वाक्यातल्या ‘होतं’वर ग्लास उचलला आणि समोरच्याचं उत्तर सुरू झाल्यावर खाली ठेवला. डाव्या बाहीला दोन घड्या होत्या. केस कानामागे होते. कोणत्या शब्दावर हालचाल झाली, ही नोंद सर्वांत मोलाची, कारण संकलक हालचालीच्या मधोमध कापतो: लांबच्या शॉटमध्ये हात उठायला लागतो आणि जवळच्या शॉटमध्ये ओठांपर्यंत पोचतो. शब्द जुळला नाही तर तो कट करताच येत नाही.

प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला आणि शेवटी फोटो काढा, दृश्य, शॉट आणि टेक यांचे क्रमांक लिहा, आणि निवडलेल्या टेकवर खूण करा. जागेची सलगताही असते. दोन पात्रांना जोडणारी एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवतात. रेषा ओलांडली तर समोरासमोर बसलेली माणसं एकाच दिशेला पाहताहेत असं वाटू लागतं. मराठीत या सगळ्याचं वर्णन करायचं तर ‘सातत्य’ नको. ‘दृश्यांची सुसंगती’ म्हणा, किंवा सेटवर म्हणतात तसं कंटिन्युइटी म्हणा.

लिहिताना

कथा-कादंबरीसाठी एक वही वेगळी ठेवा. डोळ्यांचा रंग आणि वय बहुतेक जण लिहून ठेवतात. राहून जातं ते दुसरंच: कोणाला काय केव्हा कळलं. आठव्या प्रकरणात बहिणीला पत्राबद्दल समजतं आणि सहाव्यात ती त्यावरून टोमणा मारून बसलेली असते. यासाठी प्रत्येक गुपितापुढे ज्यांना ते माहीत आहे त्यांची नावं आणि प्रकरण लिहून ठेवायचं. चंद्राकडेही लक्ष असू द्या. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि पुढची पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते. दहा दिवसांच्या गोष्टीत दोनदा पूर्ण चंद्र आला, की जाणता वाचक तिथेच थांबतो.

लेखात संगती कशी तपासायची? प्रत्येक परिच्छेदाचं फक्त शेवटचं आणि पुढच्याचं पहिलं वाक्य वाचत जा. पुढच्या वाक्यात मागचं काहीतरी आलं पाहिजे, एखादा शब्द, एखादा प्रश्न. ‘त्याचप्रमाणे’, ‘शिवाय’, ‘परंतु’ असले जोडशब्द घालून धागा जोडल्याचा भास होतो. विचार जुळलेला नसेल तर तो भासच राहतो. आणि वायरश्ट्रासचं फलन आठवा: संगती असलेला लेख गुळगुळीत असायलाच हवा असं नाही. कोपरे असू द्या, फक्त धागा सुटू देऊ नका.

कामकाजात आणि उपचारांत

‘बिझनेस कंटिन्युइटी’ म्हणजे व्यवसायात रोज नियमित असणं नव्हे. आग, पूर, यंत्रणा बंद पडणं असं काही झालं तरी अत्यावश्यक काम चालू ठेवण्याची किंवा ठरलेल्या वेळात पुन्हा सुरू करण्याची तयारी. त्यासाठी आयएसओ २२३०१ हे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ मध्ये आलं आणि २०१९ मध्ये सुधारलं गेलं. लहान संस्थेनेही दोन प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवावीत. काम किती वेळ बंद राहिलेलं परवडेल? आणि किती वेळापर्यंतची माहिती गेली तरी चालेल? दुसऱ्याचं उत्तर ‘एक दिवस’ असेल तर बॅकअप रोजचा हवा, आणि तो परत उघडून पाहिलेला हवा. मराठीत ‘कामकाज चालू ठेवण्याची योजना’ असं म्हटलं की कोणालाही कळतं.

उपचारांतली कंटिन्युइटी ही मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण तिथे तुटल्याची किंमत माणूस मोजतो. डॉक्टर बदलतो, कर्मचाऱ्यांची पाळी बदलते, रुग्ण घरी जातो, या तीन सांध्यांवर माहिती गळते. घरी जाताना औषधांची यादी तीन भागांत मागून घ्या: आधीची चालू ठेवायची, बंद करायची, आणि नवीन किंवा मात्रा बदललेली. नुसती नवीन औषधांची यादी मिळाली तर जुन्या गोळ्यांचं काय करायचं हे घरी कोणालाच कळत नाही, आणि मग एकच औषध दोन नावांनी घेतलं जातं.

नोकरीच्या कागदपत्रांत ‘सेवेतील सातत्य’ आणि उलट ‘सेवाखंड’ हे शब्द रुळलेले आहेत, ते बदलू नका. ऍपलने २०१४ मध्ये ‘कंटिन्युइटी’ नावाखाली फोनवरचं काम संगणकावर पुढे चालू करण्याच्या सोयी आणल्या. ते विशेषनाम, त्याचं भाषांतर करायचं नाही.

शेवटची पायरी: नाम काढून क्रियापद घालून पाहा

शब्द निवडल्यावरही वाक्य जड वाटत असेल तर नामच काढून टाका. इंग्रजीला असं भाववाचक नाम लागतं, मराठीला बहुतेक वेळा लागत नाही. ‘उपचारांचे सातत्य राखावे’ याऐवजी ‘उपचार मध्ये सोडू नयेत’. ‘पुरवठ्याची निरंतरता सुनिश्चित करावी’ याऐवजी ‘पुरवठा थांबणार नाही हे पाहावं’. ‘नेतृत्वाचे सातत्य आवश्यक आहे’ याऐवजी ‘पुढे कोण सांभाळणार हे आधी ठरलेलं असावं’. ‘दृश्यांमध्ये सातत्याचा अभाव आहे’ याऐवजी ‘आधीच्या शॉटमध्ये ग्लास उजव्या हातात होता, इथे डाव्या हातात आहे’.